पणजोबांच्या नावाची तीन पदकं: एका संचाची तपासणी

एका निवृत्त शिक्षकांकडे (त्यांना इथे गुरुजीच म्हणू) जुन्या वस्तूंचा एक विक्रेता काचेच्या चौकटीत बसवलेला संच घेऊन आला. आत पहिल्या महायुद्धाची तीन पदकं, टोपीवरचा एक बिल्ला आणि खाली टंकलेली चिठ्ठी: ११०व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई, आजच्या इराकमधल्या कूतच्या वेढ्यातून जिवंत परतलेला. पदकांवरचं नाव गुरुजींच्या पणजोबांचं, आडनावासकट. "तुमच्याच घरचं आहे, तुमच्याच घरात जावं म्हणून आधी तुमच्याकडे आलो," असं विक्रेत्याचं म्हणणं. पणजोबा फौजेत होते आणि 'बसऱ्याला' लढले, एवढं घरात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जात होतं. पदकं मात्र कुणी पाहिलेली नव्हती. गुरुजींनी दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली आणि संच माझ्याकडे आणला.

"खरं आहे का हो हे?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. पण अशा संचाबाबत हा एक प्रश्न नसतोच. पदकं त्या काळातली आहेत का, त्यांवरचं नाव मूळचंच आहे का, तिन्ही एकाच माणसाची आहेत का, तो माणूस कूतमध्ये होता का, आणि तो गुरुजींचा पणजोबा का, असे हे पाच वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं की विकणारे बाकीच्या चारांचं 'हो' त्यातच गुंडाळून देतात. बहुतेक फसवणूक तिथेच होते, धातूत नव्हे.

आधी कागदावर

चौकट उघडण्याआधी एक गोष्ट करता येते. सांगितलेली हकीकत आणि समोरची पदकं यांचा मेळ बसतो का, ते पाहायचं.

११०वी मराठा ही सहाव्या पुणे डिव्हिजनच्या १८व्या ब्रिगेडमधली पलटण. या डिव्हिजनची पहिली ब्रिगेड ६ नोव्हेंबर १९१४ला फाओला उतरली. वर्षभरात फौज टायग्रिसच्या काठाने बगदादच्या दिशेने सरकली, नोव्हेंबर १९१५मध्ये टेसिफोनला अडली आणि मागे येऊन कूतला थांबली. ७ डिसेंबर १९१५ला वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ला जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली आणि सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली.

आता पदकांकडे या. '१९१४ स्टार' फक्त फ्रान्स आणि बेल्जियममध्ये उतरलेल्यांना मिळाला. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ३१ डिसेंबर १९१५पर्यंत पोहोचलेल्यांचा हक्क '१९१४-१५ स्टार'चा. दोन्ही दिसायला सारखे. फरक मधल्या पट्टीत. पहिल्यावर १९१४ आणि त्याच्या वर-खाली ऑगस्ट, नोव्हेंबर. दुसऱ्यावर एकाच पट्टीत १९१४-१५. या संचात दुसरा होता, म्हणजे योग्य तोच. हा स्टार मिळालेल्या प्रत्येकाला ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलही मिळत असे. तेव्हा तीन पदकांची जुळणीही बरोबर. अर्थात, हे सगळं संच जुळवून विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. मेळ बसला याचा अर्थ एवढाच की हकीकत अशक्य नाही.

अडखळायला झालं ते वॉर मेडलच्या फितीवर ओवलेल्या पट्टीपाशी. लढाईचं किंवा मोहिमेचं नाव असलेल्या या आडव्या पट्टीला संग्राहक क्लास्प म्हणतात. तिच्यावर 'कूत-अल-अमारा' होतं. अशी सरकारी पट्टी कधी निघालीच नाही. वॉर मेडलसाठी लष्कराने तब्बल ७९ क्लास्प सुचवले होते, पण खर्चाचा आकडा पाहून तो बेत गुंडाळला गेला. त्यामुळे पूर्ण आकाराच्या वॉर मेडलवर कुठलाही क्लास्प दिसला की तो खासगी हौसेचा किंवा नंतर चढवलेला. हौसेची शक्यता एकदम झटकून टाकू नये. छावणीच्या बाजारातल्या सोनाराकडून काहीबाही करून घेणारे सैनिक होते. म्हणून या टप्प्यावर मी पट्टीपुढे फक्त प्रश्नचिन्ह टाकलं.

चौकटीबाहेर

"चौकट उघडू नका, जुनी आहे, किंमत पडेल," असं विक्रेत्याने गुरुजींना बजावलं होतं. मागचा पुठ्ठा कोरा करकरीत होता आणि पदकं गरम गोंदाच्या ठिपक्यांनी चिकटवलेली. चौकट उघडू न देणाऱ्याशी मी पुढे बोलत नाही. नाव असतं कडेवर किंवा पाठीवर, आणि चौकट नेमकं तेवढंच झाकते. गुरुजींनी फोन करून परवानगी मिळवली.

साधनं फार लागत नाहीत: दहापट मोठं दाखवणारं भिंग, व्हर्निअर कॅलिपर, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा, एक टॉर्च आणि एक अतिनील दिवा.

स्टारपासून सुरुवात केली. तो काशाचा असतो आणि ठशाखाली दाबून काढलेला असतो. साच्यात ओतून केलेली नक्कल भिंगाखाली लगेच ओळखू येते. तलवारींच्या मुठी बोथट दिसतात, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात, कडेला कधी कधी साच्याच्या दोन अर्ध्या भागांची शिवण राहते. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे मापही किंचित कमी भरतं. इथे तसं काही नव्हतं. मुकुटावरचे मणी घासून चपटे झाले होते, पण त्यांच्या मुळाशी रेषा धारदार होती. (ओतीव दिसलं की नकली, हा नियम डोळे मिटून लावू नये. व्हिक्टोरिया क्रॉस ओतीवच असतो आणि नंतर हाताने साफ केलेला असतो.)

पाठीवर तीन ओळींत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण. या तिन्ही पदकांवर अक्षरं ठोकलेली असतात, कोरलेली नव्हेत, आणि सगळा खेळ या फरकाचा आहे. पोलादी ठसा ठोकला की धातू कुठे जात नाही, बाजूला सरकतो. त्यामुळे अक्षराच्या काठाशी हलकासा फुगवटा राहतो आणि तळ सपाट दिसतो. कोरणीने धातू निघून जातो. खाच निमुळती, तळाला चमकदार, काठ सपाट. शिवाय ठोकलेलं प्रत्येक अक्षर एकाच ठशातून येतं. मराठी नावं रोमन लिपीत लिहिली की 'ए' पावलोपावली येतो, आणि तपासणाऱ्याला तो वरदान असतो. या स्टारवर सहा 'ए' होते. सहाच्या सहा अक्षरांच्या आडव्या दांडीला उजवीकडे तोच बारीक तुटका कोपरा होता. हाताने कोरणाऱ्याला सहा वेळा तीच चूक जमत नाही.

हा निकष या काळापुरताच धरायचा. १८७८-८०च्या अफगाण मोहिमेच्या पदकावर कोरलेली अक्षरंच बरोबर असतात. दुसऱ्या महायुद्धाची गंमत आणखी निराळी: ब्रिटिश सैनिकांना पदकं कोरी मिळाली, भारतीयांना नावासकट. त्यामुळे त्या काळातलं ब्रिटिश सैनिकाचं 'नाव असलेलं' पदक दाखवलं तर भुवया उंचावाव्यात, आणि भारतीयाचं कोरं दाखवलं तरीही.

व्हिक्टरी मेडलमध्ये फार वेळ गेला नाही. पंखवाली विजयदेवता, पाठीवर १९१४-१९१९, सोनेरी झळाळी उंचवट्यांवरून उडालेली आणि खोलगट भागात टिकलेली. कडेवर तोच क्रमांक, तेच नाव, तीच पलटण, हुद्दा 'शिपाई', अक्षरं ठोकलेली. अक्षरांतला मळ स्पिरिटच्या बोळ्यानेही निघाला नाही.

वॉर मेडल

तिघांत चांदीचं हे एकच. शतकभरात घरोघरी काय घडलं असेल ते यावरून कळावं: स्टार आणि व्हिक्टरीला मोड येत नाही, वॉर मेडलला येते. जवळजवळ औंसभर चांदी. दुष्काळ, लग्न, आजारपण, कारण काहीही असो, सोनाराकडे मोडायला गेलं ते हेच. १९८०च्या सुरुवातीला जगभर चांदीचे भाव भडकले तेव्हा तर ही पदकं ढिगाने वितळवली गेली. म्हणून जुळवलेल्या संचात खोट शोधायची तर आधी इथे पाहायचं.

धातूची परीक्षा ते उत्तम पास झालं. पट्टी आणि फीत काढून आधी कोरडं वजन केलं, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून. घनता १०.३च्या आसपास आली. ९२५ टंचाच्या चांदीची १०.३६ असते आणि निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची ८.९च्या जवळपास, तेव्हा चांदीबद्दल वाद नाही. एका बाजूला राजाचं डोकं, दुसरीकडे घोडेस्वार आणि टापांखाली गरुडाची ढाल. सगळं ठशातलं, लखलखीत. राजाच्या मिशीचे केससुद्धा मोजता यावेत इतकं.

पहिली शंका या लखलखाटानेच आली. स्टार आणि व्हिक्टरी घासून गुळगुळीत, आणि मधलं पदक जणू कालच डबीतून काढलेलं. तीन पदकं छातीवर शेजारीशेजारी लटकली की स्टारचं टोक शेजारच्या पदकाला बोचत राहतं आणि तिथे बारीक टोचे पडतात. स्टारचं ते टोक झिजलेलं होतं. वॉर मेडलच्या त्या बाजूला एकही टोचा नव्हता. एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण एखाद्या घरात चांदीचं म्हणून तेवढंच जपून ठेवलेलं असू शकतं. पण इथून पुढे हात सैल सोडून चालत नाही.

कॅलिपर लावला. आडवा व्यास बरोबर ३६ मिलिमीटर. मग पदक फिरवत फिरवत तिरके व्यास घेतले. नाव जिथे आहे त्या खालच्या भागातून जाणारे व्यास ३५.६च्या घरात. पदकाच्या दोन्ही बाजूंना काठाला जी उंच किनार असते, ती वर रुंद आणि खाली बारीक होत गेलेली. ते एकदा दिसलं की पुन्हा नजरेआड करता येत नाही. खालची कड कुणीतरी कानशीने उतरवली होती.

भिंगाखाली बाकीचं उलगडलं. अक्षरांच्या मागे, कडेच्या लांबीला समांतर, अगदी बारीक ओरखडे. अक्षरं निमुळत्या खाचेची, काठाला फुगवटा नाही, आणि दोन 'ए' एकमेकांशी जुळत नाहीत. स्पिरिटचा बोळा फिरवला तर अक्षरांतला 'शंभर वर्षांचा' काळेपणा सरळ कापसावर उतरला आणि खाली पांढरी चांदी चमकली. हुद्दाही जुळत नव्हता. इथे 'नाईक', व्हिक्टरीवर 'शिपाई'. स्टारवर आणि नंतरच्या दोन पदकांवर वेगळा हुद्दा असणं नेहमीचं आहे, कारण स्टारवर माणूस युद्धभूमीवर उतरला तेव्हाचा हुद्दा येतो. पण वॉर आणि व्हिक्टरी ही जोडी एकाच हिशेबाने दिलेली. त्यांच्यात असा फरक पडायला नको. नाव घालणाऱ्याने गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून बढती देऊन टाकली, एवढाच त्याचा अर्थ.

मग खोलीत अंधार करून टॉर्चचा उजेड कडेवर अगदी आडवा पाडला. कानस मध्यभागी खोल चालली होती, टोकाला हलकी. नव्या नावाच्या शेवटानंतर उजव्या अंगाला दोन अक्षरांच्या सावल्या उठल्या, प्रत्येकीपुढे एक ठिपका: 'आर. ए.' म्हणजे रॉयल आर्टिलरी. हे पदक मुळात तोफखान्यातल्या कुणाचं तरी होतं. त्याचं नाव, क्रमांक सगळं उतरवून त्या जागी मराठा शिपायाला बसवलं होतं.

या धंद्यातल्या सगळ्या लबाड्यांत मला ही सर्वांत वाईट वाटते. नकली पदक बनवणारा निदान नवं काहीतरी बनवतो. इथे एका माणसाची कदाचित एकमेव उरलेली खूण पुसून दुसऱ्याला उसनी दिली, आणि तीही त्याच्या पणतवाला विकण्यासाठी.

कूतची पट्टी यानंतर फार काळ टिकली नाही. पाठीवर ओतीव कामाचे खड्डे, कड कापल्यावर पॉलिशसुद्धा केलेलं नाही. ती सोनारी हौस नव्हे. फितींपैकी दोन अतिनील दिव्याखाली निळसर पांढऱ्या उजळल्या. आधुनिक धाग्यात घातलेली चमक आणणारी रसायनं अशी उजळतात. पण तीच रसायनं कपडे धुण्याच्या पावडरीतही असतात आणि जुनी फीत कुणी धुतलेली असू शकते. फिती तशाही बदलतातच. त्यांना मी पुराव्यात धरलं नाही.

बिल्ला

बिल्ल्यावर बिगूल, वर मुकुट आणि खाली 'पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री' असं इंग्रजीत. मराठा पलटणी एकत्र करून पाचवी रेजिमेंट झाली ती १९२२मध्ये. तेव्हा ११०वी तिची तिसरी बटालियन झाली. महायुद्धानंतर नोकरीत राहिलेल्याकडे असा बिल्ला असायला हरकत नाही, असं विक्रेता म्हणाला. तर्क ठीक होता.

मुकुट मात्र ठीक नव्हता. १९०१नंतरच्या राजांच्या काळात बिल्ल्यांवर जो मुकुट येतो, त्याच्या कमानी वर गोल चढत जातात. याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या होत्या. अशा दबलेल्या कमानी दोनच काळात सापडतात: व्हिक्टोरिया राणीच्या, म्हणजे १९०१पूर्वी, किंवा १९५२ साली गादीवर आलेल्या एलिझाबेथच्या. १९०१पूर्वी पाचवी मराठा नव्हती. १९५२ला भारत प्रजासत्ताक होऊन दोन वर्षं उलटली होती आणि आपल्या फौजेच्या चिन्हांवर अशोकस्तंभाचे सिंह आले होते. म्हणजे हा मुकुट आणि ही अक्षरं एका बिल्ल्यावर कधीच भेटू शकत नाहीत. भिंग न उचलता निकाल लागला, असा हा एकच नग.

मग तो पणजोबा का?

स्टार आणि व्हिक्टरी अस्सल, नावं मूळची, दोन्ही एकाच माणसाची. गुरुजींचा चेहरा खुलला. मला मात्र इथून पुढचा भाग सर्वांत नाजूक वाटत होता. पदकावर गाव नसतं, बापाचं नाव नसतं. त्या काळी क्रमांक पलटणीपलटणीने दिलेले, आणि एकाच नाव-आडनावाचे शिपाई एका पलटणीत असणं अजिबात दुर्मीळ नव्हतं.

एक ताळा करून पाहता येतो. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत मेसोपोटेमियात मेलेले भारतीय शिपाई क्रमांकासह सापडतात, कित्येकदा बापाचं नाव आणि गावही असतं. पदकाचा मालक त्या यादीत निघाला असता तर प्रश्न मिटला असता, कारण पणजोबा घरी परत आले आणि त्यानंतर त्यांचा संसार झाला. यादीत तेच नाव सापडलं, पलटणही तीच, क्रमांक मात्र वेगळा. म्हणजे त्या नावाची निदान दोन माणसं ११०व्या पलटणीत होती आणि त्यांतला एक परतला नाही. दोन असतील तर तीनही असू शकतात.

गुरुजींनी घरातला पत्र्याचा डबा उपसला. फौजेतून सुटल्याचा एक कागद मिळाला, घडीवर फाटलेला. पलटण ११०, क्रमांकाचे पहिले दोन आकडे पदकाशी जुळणारे, पुढचे वाळवीने खाल्लेले. गावच्या चावडीजवळ संगमरवरी पाटी आहे, 'या गावातून इतके जण १९१४-१९१९च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले' अशी. तिच्यावर आकडे आहेत, नावं नाहीत. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायला मी सांगितलं, तो त्यांनी केला.

कूतचं काय? स्टार आहे म्हणजे माणूस १९१५ संपण्याआधी युद्धभूमीवर होता. तेवढ्याने तो वेढ्यात होता असं होत नाही. टेसिफोनला जखमी झालेले बोटींतून खाली बसऱ्याला गेले होते. कुणी आजारी पडून आधीच मागे आला असेल. कैदेचा कागद किंवा यादीतली नोंद मिळेपर्यंत कूतचं नाव घेऊ नये.

मध्येच परदेशातल्या भाच्याचा निरोप आला: सगळं विकत घ्या, मी इकडे नेऊन नीट तपासून घेतो. त्याला थांबवावं लागलं. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि या पदकांनी शंभरी गाठलेली आहे.

लेखी अहवाल मी पाच ओळींत दिला. स्टार: अस्सल, नाव मूळचं. व्हिक्टरी मेडल: अस्सल, नाव मूळचं, स्टारशी जुळणारं. ब्रिटिश वॉर मेडल: पदक अस्सल, नाव खरवडून बदललेलं, मूळ मालक रॉयल आर्टिलरीचा, क्लास्प नकली. मालक गुरुजींचे पणजोबा असणं: शक्य, सिद्ध नाही, कूतला पुरावा नाही. बिल्ला: नकली.

विक्रेत्याने आधी "सेट फोडणार नाही" म्हणून ताणून धरलं. अहवाल आणि कडेचे फोटो समोर ठेवल्यावर स्टार आणि व्हिक्टरी वेगळी द्यायला तयार झाला. गुरुजींनी ती दोन घेतली, पण वॉर मेडलही मागून घेतलं, चांदीच्या भावात. ते वेगळ्या पाकिटात ठेवलं आहे, वर 'आर. ए.'च्या सावलीचा फोटो आणि 'नाव बदललेलं' अशी चिठ्ठी, म्हणजे पुढे कुणी ते पुन्हा संचात ओवणार नाही. बेळगावहून उत्तर आलं आणि क्रमांक जुळला, तर अहवालाची चौथी ओळ मी नव्याने लिहीन. तिसरी आहे तशीच राहील.